बर्फ की गिमी? फेब्रुवारीत काय करायचं ते सांगा

लिमातकाठची
१८ जानेवारी, रात्री १०.५०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चूकभूल द्यावी घ्यावी.

आम्ही अकरा वर्षं झुरिखमध्ये आहोत. लेक सहावीत, बारा वर्षांची. मार्चच्या पहिल्या सोमवारी तिची गिमीची प्रवेशपरीक्षा आहे. बाहेरच्यांसाठी थोडक्यात: झुरिख कँटनमध्ये (कँटन म्हणजे इथलं राज्य) सहावीनंतर ज्या मुलांना सहा वर्षांच्या लांब गिम्नाझियमला (गिमी, पुढे विद्यापीठाकडे नेणारी शाळा) जायचं असतं, त्यांनी ही परीक्षा द्यायची. विषय दोनच, जर्मन आणि गणित. जर्मनमध्ये एक निबंध आणि एक आकलन-व्याकरणाचा पेपर. एका दिवसात खेळ खलास. बसतात त्यांतली साधारण निम्मीच पास होतात. पास झाली तरी पहिली सहामाही 'प्रोबेत्साइट', म्हणजे चाचणीचा काळ. त्यात टिकली नाहीत तर परत साध्या माध्यमिक शाळेत, झेकमध्ये.

आता गोची. इथली हिवाळी सुट्टी, स्पोर्टफेरिएन, बरोबर त्याच्या आधी असते. फेब्रुवारीचे मधले दोन आठवडे. गेल्या मार्चमध्ये नवऱ्याने आणखी दोन कुटुंबांबरोबर लेन्त्सरहाइडेला, स्कीच्या गावी, फ्लॅट घेऊन ठेवलाय, १४ ते २१ फेब्रुवारी. पैसे भरलेत, परत मिळणार नाहीत. म्हणजे आम्ही शनिवारी घरी येणार आणि पुढच्याच्या पुढच्या सोमवारी परीक्षा. मधे नऊ दिवस.

इथल्या एका खाजगी क्लासने दोन्ही आठवडे 'गहन वर्ग' ठेवलाय. रोज सकाळी तीन तास, हजाराच्या वर फ्रँक. लेकीच्या पाच मैत्रिणींपैकी तिघी जातायत. नवरा म्हणतो, जाऊ या, पोरगी चार वर्षांची असल्यापासून स्की करते, तिचा आठवडा का हिरावून घ्यायचा. सासूबाई सांगलीहून व्हिडिओवर म्हणाल्या, "परीक्षेच्या तोंडावर बर्फात कसल्या घसरता गं?"

आणि मी? माझ्या दहावीच्या वर्षी बाबांनी केबल काढली होती. सख्ख्या मामाच्या लग्नात मला फक्त अक्षतांपुरतं नेलं, जेवायलासुद्धा थांबू दिलं नाही. मठ्ठ्याचा वास अजून आठवतो. त्यामुळे माझं डोकं कुठल्या बाजूला झुकतं ते कळलंच असेल.

पर्याय तीन: (१) सगळं रद्द. (२) सगळे जाऊ, पुस्तकं घेऊन. (३) नवरा आणि धाकटा जातील, मी आणि लेक घरी. काय करावं?


खडूस_काका
१८ जानेवारी, रात्री ११.१५

बारा वर्षांच्या पोरीला प्रवेशपरीक्षा! आणि आम्ही इथे व्याख्यानांत ऐकतो की युरोपात मुलं खेळत खेळत शिकतात. चालू द्या.


आडगावची
१९ जानेवारी, सकाळी ७.०५

काका, चौथीची स्कॉलरशिप विसरलात का? नऊ वर्षांचे होतो आपण. मधे काही वर्षं ती पाचवीला गेली होती एवढंच. आमच्या गुरुजींनी दिवाळीच्या सुट्टीत शाळेच्या ओट्यावर रोज दोन तास बसवलं होतं, आणि कुणाच्या आईबापांनी हूं की चूं केलं नाही.

धागाकर्तीला: मला स्कीतलं काही कळत नाही, पण मामाच्या लग्नाचं वाचून वाईट वाटलं.


दादरकर_विंटरथूर
१९ जानेवारी, दुपारी १२.४०

दोन मुलांची गिमी पाहिलेला माणूस बोलतोय, म्हणून जरा लांबण लावतो.

पहिली गोष्ट, जी नव्या आईबापांना कुणी नीट सांगत नाही. सरकारी शाळेतल्या मुलाचा अर्धा निकाल जानेवारीच्या प्रगतिपुस्तकात ठरलेला असतो. जर्मन आणि गणिताचे शाळेतले गुण निम्मे धरतात, परीक्षेचे निम्मे. म्हणजे तुम्ही सुट्टीबद्दल डोकं फोडताय तेव्हा अर्धी लढाई होऊन गेलेली असते. वर्गशिक्षिकेने हातात काय दिलंय ते आधी बघा. शाळेतले गुण चांगले असतील तर स्कीच्या एका आठवड्याने काही बुडत नाही. काठावर असतील तरी एका आठवड्याने काही तरत नाही.

दुसरी: गणित आणि व्याकरण शेवटच्या महिन्यात थोडं सुधारतं. जुन्या प्रश्नपत्रिका कँटनच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, उत्तरांसकट. त्या घड्याळ लावून सोडवायच्या, बास. निबंध मात्र शेवटच्या पंधरवड्यात सुधारत नाही. थोरल्याला आम्ही त्या गहन वर्गाला घातलं होतं. दोन किलोची फाइल घेऊन आला. त्यात निबंधाच्या सुरुवातीसाठी तयार वाक्यं. "त्या दिवशी आकाशात एकही ढग नव्हता" छाप. वर्गातल्या वीसही पोरांनी तेच आकाश वापरलं असणार.

तिसरी: शाळेचा फुकटचा तयारीवर्ग लावला असेलच. नसेल तर त्याबद्दल आधी ओरडा खा.

माझं मत: पहिला आठवडा घरी, तीन जुने पेपर, दिवसाआड, सकाळी परीक्षेच्याच वेळेला. दुसऱ्या आठवड्यात डोंगरावर. पुस्तकं न्यायची नाहीत. परत आल्यावर आणखी दोन पेपर.

अवांतर: या सुट्टीला 'स्पोर्ट' नाव नंतर चिकटलं. दुसऱ्या महायुद्धात कोळसा मिळेनासा झाला तेव्हा शाळा गरम ठेवणं परवडेना, म्हणून हिवाळ्यात शाळा बंद ठेवायला लागले. पोरं घरी बसून करणार काय, तर त्यांना डोंगरावर स्कीच्या शिबिरांना धाडायचं. कोळसा परत आला, सुट्टी तशीच राहिली.


गोठलेला_नारळ
१९ जानेवारी, संध्या ६.२०

दादरकरांशी साफ असहमत.

आम्ही तीन वर्षांपूर्वी असंच 'बास एक आठवडा' म्हणून गेलो. सहा मोठी माणसं, सात पोरं, एक फ्लॅट, दोन बाथरूम. बुधवारी एका पोराला ताप, शुक्रवारपर्यंत पाच जण आडवे. आमचा मुलगा परत आला तो खोकतच. परीक्षेच्या दिवशी अंगात ताप होता. डॉक्टरचं पत्र देऊन नंतरच्या तारखेला बसता येतं हे खरं, बसलाही. पण तोवर वर्गातले बाकीचे मोकळे झालेले, हा एकटा खोलीत गणितं सोडवतोय. तो पंधरवडा मी कुणालाही देणार नाही.

आल्प्स कुठे पळून जात नाहीत हो. एक वर्ष नाही गेलं तर काय बिघडतं?


दादरकर_विंटरथूर
१९ जानेवारी, संध्या ६.५५

नारळ, ताप झुरिखच्या ट्राममध्ये पण येतो. फेब्रुवारीत गहन वर्गाच्या बंद खोलीत वीस पोरं तीन तास बसतात तिथे तर आणखी येतो.


गोठलेला_नारळ
१९ जानेवारी, संध्या ७.१०

ट्रामला मी दोष देत नाही कारण ट्रामने आपण निवडून जात नाही. तुमची पोरं आरामात पास झाली म्हणून तुम्हाला सोपं वाटतंय.


दादरकर_विंटरथूर
१९ जानेवारी, संध्या ७.३०

धाकटी नापास झाली होती. हे मी लिहिलं नव्हतं, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. आणि त्या वर्षी आम्ही कुठेही गेलो नव्हतो. आता ती झेकमध्ये दुसऱ्या वर्षाला आहे, तिथून परत छोट्या गिमीची परीक्षा देता येते. द्यायची की नाही ते तिचं ती ठरवतेय. बहुधा नाही. सुतारकामाच्या कार्यशाळेत चार दिवस जाऊन आली तेव्हापासून घरातल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्या तपासत फिरते.


गोठलेला_नारळ
१९ जानेवारी, संध्या ७.४५

माफ करा. तसं म्हणायचं नव्हतं.


बाडेनची_मीरा
१९ जानेवारी, रात्री ९.००

लिमातच्या काठाने वीसेक किलोमीटर खाली या, आर्गाऊमध्ये. इथे सहावीनंतर अशी परीक्षाच नाही. शिक्षक शिफारस करतात, त्यावर बेत्सिर्कशाळा, म्हणजे वरच्या पातळीची माध्यमिक. फेब्रुवारीत आमची पोरं बिनघोर घसरतायत. :)


आडगावची
१९ जानेवारी, रात्री ९.२५

परीक्षा टाळायला घर बदलायचं? आमच्याकडे लोक चांगल्या शाळेसाठी भाडेकरार दाखवतात, त्यातलाच प्रकार.


बाडेनची_मीरा
१९ जानेवारी, रात्री ९.४०

अहो आम्ही नोकरीमुळे आलो. पण परीक्षा नसली की ताण नसतो असं नाही हं. इथे ताण वर्षभर पातळ करून वाटलेला असतो. प्रत्येक चाचणीनंतर "शिफारस मिळेल ना?" सुरू.


इसारकिनारी
२० जानेवारी, सकाळी ८.१०

म्युनिकहून. तुमचं बारा वर्षांवर तरी आलंय. बायर्नमध्ये चौथीत निकाल. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास, तिन्हींची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली तर गिम्नाझियम. इथे १ म्हणजे सर्वोत्तम, त्यामुळे आकडा जितका खाली तितकं बरं. माझ्या आईला हे अजून पटत नाही. "एकच मार्क पडला?" म्हणते.

आमची कार्निव्हलची सुट्टी आठवडाभराचीच, त्यामुळे लोकांना एखादा दिवस जोडून घ्यायचा मोह होतो. २०१८ साली मेमिंगेनच्या विमानतळावर पोलिसांनी मेमधल्या सुट्टीच्या आदल्या दिवसांत शाळेच्या वयाची पोरं असलेली कुटुंबं हटकली होती. तेव्हा आमच्या मराठी गटात आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

तुमच्या प्रश्नावर: पर्याय तीन अजिबात नको. बाप आणि धाकटा रोज बर्फातले फोटो पाठवणार आणि पोरगी ते बघत अपूर्णांक सोडवणार? त्यापेक्षा सगळेच घरी बसा.


रेडिंगवाली
२० जानेवारी, दुपारी १.३०

इंग्लंडमधला अनुभव. थोरला अकरावीच्या वर्षात, म्हणजे मे-जूनमध्ये जीसीएसई, इथली दहावीसारखी बोर्डाची परीक्षा. फेब्रुवारीच्या सुट्टीत फ्रान्सला गेलो होतो. मी एक अख्खी बॅग पुस्तकांची नेली. विमानाच्या वजनाचे जादा पैसे भरून. ती बॅग सात दिवस दाराशी उभी होती. कुणी उघडली नाही. पण तिच्यावरून आम्ही रोज संध्याकाळी भांडलो. "आज तरी अर्धा तास." "दमलोय." "मग काल का नाही केलंस?" स्कीची मजा गेली ती गेलीच, अभ्यासही शून्य. पुस्तकं नेऊ नका हे दादरकरांचं म्हणणं सोन्यासारखं आहे.

आणखी एक: सुट्टीत तिकिटं महाग म्हणून आम्ही एका वर्षी शाळा बुडवून गेलो होतो. पाच दिवसांच्या गैरहजेरीला दंड. आता तर तो प्रत्येक मुलामागे प्रत्येक पालकाला ८० पौंड आहे, एकवीस दिवसांत भरला नाही तर १६०. दोन मुलं, दोन पालक, करा गुणाकार. वाचवलेले पैसे तिकडेच जातात.


डॉ_हाडे
२० जानेवारी, रात्री १०.२०

नाव गमतीचं असलं तरी पेशा खरा आहे.

सगळे तापाबद्दल बोलताय, अंगठ्याबद्दल कुणीच नाही. काठी हातात धरून पडलं की अंगठा बाहेरच्या बाजूला ओढला जातो आणि त्याच्या मुळाशी आतल्या बाजूचा अस्थिबंध ताणतो किंवा तुटतो. या दुखापतीला 'स्कीअरचा अंगठा' असंच नाव आहे. मूल रडत नाही, "थोडं दुखतंय" म्हणतं, आणि रात्री पेन धरता येत नाही. पट्टी कित्येक आठवडे राहते. परीक्षा हाताने लिहायची आहे ना?

तर: काठीच्या पट्ट्यात मनगट अडकवू देऊ नका, आणि पडताना काठी सोडून द्यायची हे आधी सपाटीवर दहा वेळा करून घ्या. हेल्मेट अर्थातच. आणि दुपारी तीननंतरची 'शेवटची एक फेरी' टाळा. पाय थकलेले, उजेड सपाट, बर्फ उकरलेला.

भारतातून पाहुणे येणार असतील तर त्यांच्या विम्यात हिवाळी खेळ आहेत का ते वाचा. इथे राहणाऱ्यांनी रेगाचं, म्हणजे हवाई बचावसेवेचं, वर्गणीदार व्हावं. १९५२ पासूनची संस्था आहे, हेलिकॉप्टरसाठी १४१४ फिरवायचा. तो नंबर पोरांना पाठ असू दे.


लिमातकाठची
२० जानेवारी, रात्री ११.००

डॉक्टर, खूप आभार. लेक डावखुरी आहे, म्हणजे डावा अंगठा. आता मला त्या अंगठ्याशिवाय दुसरं काही दिसत नाहीये. :(


डॉ_हाडे
२० जानेवारी, रात्री ११.१०

घाबरवायचं नव्हतं. जिन्यावरूनही पडतात मुलं.


खडूस_काका
२१ जानेवारी, सकाळी ६.४५

दीड डझन प्रतिसाद झाले. पोरीला कुणी विचारलं का?


लिमातकाठची
२५ जानेवारी, रात्री ९.३०

काका, तुम्हाला आधी मनातल्या मनात चार शब्द ऐकवले, मग गप्प बसले. कारण विचारलं नव्हतं.

काल विचारलं. पोळ्या लाटताना, म्हणजे तिच्याकडे बघायला लागू नये म्हणून. मला वाटलं होतं ती उडीच मारेल. ती म्हणाली, "मला जायचंय. पण मी नापास झाले तर तुम्ही म्हणाल, स्कीमुळे झाली."

मी म्हटलं, असं कसं म्हणू आम्ही. तर म्हणते, "तू नाही म्हणणार. तू नुसती बघशील."

पोळी करपली.

मग संध्याकाळी चौघांनी बसून एक कागद केला. नवऱ्याने लिहिला: निकाल काहीही लागला तरी लेन्त्सरहाइडेचं नाव काढायचं नाही, कुणी, कधीही. खाली चार सह्या, धाकट्याची उलटी. फ्रीजवर लावलाय. सासूबाईंना फोटो पाठवला, त्यांचं उत्तर: "मी सही करणार नाही. माझं मत मी राखून ठेवते." निदान स्पष्ट बोलल्या.

प्रगतिपुस्तक आलं. गणित छान, जर्मन ठीक. काठाच्या थोडं वर. म्हणजे दादरकर म्हणतात तसं, ना बुडणार ना आपोआप तरणार. तर ठरलं: पहिला आठवडा घरी तीन पेपर, दुसऱ्यात डोंगर. गहन वर्ग नाही. नारळभाऊंचं ऐकून एक केलं: बाकीच्या दोन कुटुंबांना आधीच कळवलं की कुणाला ताप आला तर लाजायचं नाही, सांगायचं, आम्ही त्या दिवशी वेगळे जेवू.


गोठलेला_नारळ
२५ जानेवारी, रात्री १०.०५

हे बरं केलंत. मजा करा. मनापासून.


लिमातकाठची
१९ फेब्रुवारी, रात्री ९.४५

डोंगरावरून धागा वर काढतेय.

घरचा आठवडा आधी. सोमवार, बुधवार, शुक्रवार, साडेआठला जेवणाच्या टेबलावर पेपर. गणितात दर वेळी एक गणित वाचायच्या घाईत चुकतं. निबंध तिने तिन्ही वेळा छान सुरू केला आणि तिन्ही वेळा शेवटी "आणि मग मी जागी झाले" करून संपवला. मी काही बोलले नाही. नवरा बोलला. मग नवऱ्याशी मी बोलले.

शनिवारी खूरपर्यंत ट्रेन, पुढे पिवळी पोस्टबस. बस वळणं घेत चढायला लागली की धाकट्याला मळमळतं, त्यामुळे खिशात आलेपाकाच्या वड्या. रविवारी महाशिवरात्र होती. तीन घरांतल्या चौघींचा उपास, थर्मासमधून साबुदाण्याची खिचडी वर नेली. उपाहारगृहात आपलं खायला परवानगी नाही, डबेवाल्यांसाठी वेगळी खोली. तिथे झाकण उघडलं आणि शेंगदाण्याचा कूट-जिऱ्याचा वास सुटला. शेजारचं स्विस कुटुंब वाकून बघतंय. त्यांच्या आजोबांना वाटीभर दिली. ते म्हणाले, हे माशांची अंडी आहेत का? लेकीने अस्सल झुरिखी बोलीत त्यांना टॅपिओका समजावला. पाच मिनिटं, न अडखळता. मी तिचं जर्मन इतका वेळ घरी कधी ऐकलेलंच नाही, आमच्याशी मराठीच बोलते.

अभ्यासाचं कबूल करते. मी एक जुना पेपर बुटांच्या पिशवीत घडी करून आणला होता. पुस्तकं न न्यायचं ठरवूनही. मंगळवारी तो लेकीला सापडला. काही बोलली नाही. रात्री बघते तर त्याच्या पाठीमागे पाच-तीन-दोनचे हात मांडलेले, तीन रकान्यांत, आणि माझ्या नावाखाली सगळ्यांत कमी.

पण गंमत बघा. चेअरलिफ्टवर बाप म्हणाला, दर नऊ सेकंदांनी एक खुर्ची, चार जागा, तासाला किती माणसं? ही म्हणाली सोळाशे, पण खरं तर बाराशे, कारण प्रत्येक खुर्चीत एक जागा रिकामी जाते, लोकांना अनोळखी माणसाशेजारी बसायचं नसतं. गणित वाचायच्या घाईत चुकणारी पोरगी हीच का? आणि निळ्या पिस्टवर, म्हणजे सोप्या उतारावर, क्रियापदं ओरडायचा खेळ तिने स्वतः काढला, कारण त्यांच्या शाळेत क्रियापदाचा रंग निळा. धाकटा पण ओरडतो, त्याला फक्त दोनच येतात, खाणं आणि पडणं.

आज टी-बारला, म्हणजे दांड्याने ओढत वर नेणाऱ्या लिफ्टला, मी आणि ती. तो आडवा दांडा दोघींत एकच, माझ्या मांडीला लागतो तो तिच्या कमरेच्या वर जातो. अर्ध्या चढावर माझी स्की तिच्या स्कीवर गेली. मी कोसळले. तिला सोडून दिलं असतं तर ती वर गेली असती, पण तिने पण दांडा सोडला आणि माझ्याबरोबर बाजूच्या मऊ बर्फात कंबरभर. पहिला विचार, अंगठा! ती हसतेय. काठ्या दोन मीटरवर पडलेल्या. "सोडल्या गं आई, डॉक्टरांनी सांगितल्यासारख्या." (तिला हा धागा वाचून दाखवते मी.)

कुणालाही ताप नाही. लाकडाला हात लावून लिहितेय.


डॉ_हाडे
१९ फेब्रुवारी, रात्री १०.३०

तिला माझ्याकडून शाबासकी. आणि तुमचा गुडघा कसा आहे? ते लिहिलं नाहीत.


लिमातकाठची
१९ फेब्रुवारी, रात्री १०.४०

सुजलाय थोडा. मला परीक्षा नाही ना. :)


आडगावची
२ मार्च, संध्या ५.००

आज सोमवार. कशी झाली?


लिमातकाठची
२ मार्च, रात्री ८.५०

झाली.

सकाळी शाळेच्या फाटकापर्यंत गेलो. पालकांची गर्दी, प्रत्येकाच्या हातात पाण्याची बाटली जी मुलाच्या हातात असायला हवी होती. नवऱ्याने बाहेर विचारलं, "टेन्शन?" ती म्हणाली, "बाबा, जा आता."

गणितात शेवटचं राहिलं, बाकी जमलं म्हणते. व्याकरण "नेहमीसारखं". निबंधाचं मी विचारायचं नाही असं ठरवलं होतं. जेवताना राहवलं नाही. म्हटलं, टी-बारवर पडलो ते लिहिलंस का? माझ्याकडे असं बघितलं जणू मी वेडी आहे. "आई, स्पोर्टफेरिएननंतर आठ दिवसांत परीक्षा. अख्खा वर्ग तेच लिहिणार." मग काय लिहिलं? सांगलीच्या घरी लाइट गेली होती आणि आजीने अंधारात आमटीला फोडणी दिली, ते. मोहरी तडतडते त्याला जर्मनमध्ये कुठला शब्द लावावा यात दहा मिनिटं गेली म्हणते. आणि शेवट? "जागी नाही झाले," म्हणाली. "लाइट आली."

सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, अंधारात नव्हे, मेणबत्ती होती.

निकाल यायचाय. कागद अजून फ्रीजवर आहे.


दादरकर_विंटरथूर
२ मार्च, रात्री ९.३०

शाब्बास. आता दोन आठवडे तिच्यासमोर पोस्टाची पेटी उघडू नका.

जाता जाता: तुमच्या लेकीचे बूट यंदाचे विकतचे होते का भाड्याचे? माझ्या भाचीला पुढच्या मोसमासाठी हवेत, लहान झाले असतील तर सांगा.


लिमातकाठची
२ मार्च, रात्री ९.४०

विकतचे, दुसऱ्या हातचे. नंबर २३.५. लहान झालेच आहेत, पण डाव्या बुटाची वरून दुसरी कडी घट्ट बसत नाही. बघून घ्या, किंमत नंतर बोलू.